मुलांचं ऐकून घ्यायला पदवी लागते का?

आठवी-नववीचा चाळीस मुलांचा एक वर्ग घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. म्हणजे त्या वर्गात साधारण तीन मुलं अशी, की ज्यांना खरोखर उपचारांची गरज आहे. आजार म्हणता येणार नाही, पण आतून पार चुरगळून गेलेली मुलं याहून कितीतरी जास्त. कुणाच्या घरी रोज भांडणं, कुणाला वर्गात नावाऐवजी टोपणनावानेच हाक, कुणी सहावीपासून प्रवेशपरीक्षांच्या फाउंडेशन क्लासला जुंपलेला.

आता याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. आपल्या मध्य प्रदेशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ होते ०.०५, तर केरळात १.२. मध्य प्रदेशाच्या आकड्याचा सरळ अर्थ वीस लाख माणसांमागे एक डॉक्टर. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची वस्ती साधारण तेवढीच होती. इंदुरात प्रत्यक्षात डॉक्टर यापेक्षा जास्त आहेत, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज आहे. पण आहेत ते इथे आणि अशा मोजक्या शहरांत गोळा झालेत, म्हणजे झाबुआ-अलीराजपूरसारख्या आदिवासी जिल्ह्यांच्या वाट्याला काय येत असेल याचा अंदाज करा. आणि इंदुरातही शाळेतलं मूल त्या डॉक्टरांपर्यंत आपलं आपण पोचत नाही. आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, मग घरच्यांना पटावं लागतं, आणि तोवर वर्ष निघून जातं.

या दोन आकड्यांमधली दरी भरायची कशी, या प्रश्नाचं एक उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर आजमावलं गेलं आहे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट निवडलेल्या आणि शिकवलेल्या साध्या माणसांना या कामात घ्यायचं. शेजारच्या काकू, निवृत्त शिक्षक, शाळेतल्या मदतनीस बाई, तबल्याचे सर, थोरली मुलं. ऐकायला हे एक तर फार गोड वाटतं, नाही तर फार धोक्याचं. मला दोन्ही वाटतं, म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात हिंदुस्थानातल्याच एका प्रयोगापासून करते, कारण तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी शाळांमध्ये 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गोव्याची 'संगत' ही संस्था त्यामागे होती. कार्यक्रम एकच, पण शाळांचे तीन गट केले. एका गटात तो राबवायला बाहेरून एक माणूस नेमला. तो त्याच भागातला, मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला आणि पूर्णवेळ याच कामासाठी असलेला. दुसऱ्या गटात तेच काम, तसंच प्रशिक्षण देऊन, शाळेतल्याच एका शिक्षकावर सोपवलं. तिसऱ्या गटात नेहमीचं चालू होतं तेच.

कार्यक्रमात चमत्कारिक काही नव्हतं. शाळेत एक पेटी ठेवली, मुलांनी तक्रार किंवा मनातलं चिठ्ठीवर लिहून तीत टाकायचं. भित्तिपत्रक, दर महिन्याला स्पर्धा, मुलं-शिक्षक-पालकांची एक समिती, छेडछाड आणि मारहाणीवर चर्चा, आणि ज्याला हवं त्याला एकट्याने येऊन बोलायची सोय. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. जिथे बाहेरचा माणूस नेमला होता तिथे शाळेचं वातावरण ठळकपणे सुधारलं, मुलांमधलं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामाऱ्याही कमी झाल्या. जिथे शिक्षकाने तेच केलं तिथे फरक पडला नाही.

हा निकाल वाचून शिक्षकांना नावं ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. शिक्षकाच्या अंगावर आधीच तास, वह्या, निकाल, निवडणुकीची ड्युटी, पोर्टलवर माहिती भरणं, असं सगळं असतं. त्यात हे आणखी एक काम आलं की ते उरलेल्या वेळात होतं, आणि उरलेला वेळ नसतोच. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण निराळं आहे. शिक्षकाच्या हातात मार्क असतात. ज्याच्या हातात माझं प्रगतिपुस्तक आहे त्याला मी कसं सांगू, की तुमच्या तासाला माझे हात थरथरतात? तबल्याच्या सरांना सांगता येतं, शाळेतल्या काकूंना सांगता येतं. त्यांच्याकडे मुलाला पास-नापास करायची सत्ता नाही, आणि या कामात हीच त्यांची खरी पात्रता आहे.

दुसरा प्रयोग दिल्लीच्या सरकारी शाळांतला, 'प्राइड' नावाचा. तिथेही समुपदेशक पदवीधारी मानसशास्त्रज्ञ नव्हते. तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी, सोबत चित्रकथेची पुस्तिका, आणि शिकवायची एकच गोष्ट: अडचण नेमकी काय ते ठरव, तिच्यावरचे पर्याय लिही, एक निवडून करून बघ. तुलनेसाठी दुसऱ्या गटातल्या मुलांना नुसती पुस्तिका दिली, माणूस दिला नाही. निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर मध्यम होता. आजाराच्या लक्षणांच्या मोजपट्टीवर सुरुवातीला दोन गटांत फरक दिसला नाही, पण मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच माणूस भेटलेल्या गटात जास्त कमी झाला. मला हे मोलाचं वाटतं. 'आई-बाबांची भांडणं' ही अडचण कुठलाही समुपदेशक सोडवू शकत नाही. पण भांडण सुरू झालं की खाली आजीच्या खोलीत जाऊन अभ्यास करायचा, एवढं एक मुलाला सापडलं तर त्याची संध्याकाळ बदलते.

झिंबाब्वेतलं उदाहरण हल्ली खूप सांगितलं जातं. हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ च्या सुमाराला आरोग्यकेंद्रांच्या आवारात बाक ठेवले आणि त्यांवर वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन बसवलं. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि फायदा दिसला. ते काम मोठ्या माणसांसाठी होतं, शाळेसाठी नव्हे, त्यामुळे ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. आणि शाळेत राबवलेला प्रत्येक चांगला विचार उपयोगी पडतोच असंही नाही. ब्रिटनमध्ये पंच्याऐंशी शाळा निवडून त्यांतल्या निम्म्या शाळांत शिक्षकांकरवी सगळ्या वर्गाला ध्यानाचे धडे दिले गेले, बाकीच्यांत नेहमीचंच चालू ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला, की नेहमीच्या पद्धतीपेक्षा त्याचा जास्त फायदा झाला नाही. तेव्हा आपल्या सोसायटीत कुणी उत्साहाने 'शाळेत जाऊन मुलांना पॉझिटिव्ह थिंकिंगवर भाषण देऊ' म्हणालं, तर हे त्याला जरूर सांगा.

मग साध्या माणसाने नेमकं करायचं काय?

तीन गोष्टी: लक्ष ठेवणं, ऐकणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं. मानसिक प्रथमोपचारात जगभर हेच शिकवतात. रोगाचं नाव सांगणं, गोळ्या सुचवणं, बालपणातल्या खोल जखमा उकरणं, यातलं काहीही नाही. ताप आलाय हे आईला हात लावून कळतं, कशाचा आलाय ते डॉक्टर सांगतात, तसंच हे.

समजा, एका शाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या एक बाई आहेत, मुलं त्यांना काकू म्हणतात. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर त्यांच्याकडे येते.

"काकू, पोट दुखतंय. जरा बसू इथं?"

"बस ना. सकाळी काही खाल्लंस का गं?"

"पोहे खाल्ले."

"बरं. मागच्या मंगळवारीही याच वेळेला दुखलं होतं ना?"

मुलगी गप्प. काकूही गप्प. थोड्या वेळाने त्या म्हणतात, "सांगायचं नसेल तर नको सांगू. मी सुट्टी होईपर्यंत इथंच आहे."

मग हळूहळू बाहेर येतं. मंगळवारी त्या तासाला सगळ्यांना फळ्यावर बोलावतात, तिला येत नाही, मागच्या बाकावरची मुलं हसतात, आणि एकाने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय.

"बरं केलंस सांगितलंस. असं झाल्यावर कुणालाही त्या तासाला जाऊ नये असंच वाटेल. हे मी समुपदेशक ताईंना सांगू का? तू पण चल माझ्याबरोबर."

या दहा मिनिटांत काकूंनी काय केलं ते बघा. त्यांनी वार आणि वेळ टिपली. वर्गात चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला हे दिसणं कठीण, पण रोज त्याच स्टुलावर बसणाऱ्या बाईला सहज दिसतं. त्या गप्प बसू शकल्या, आणि हे शिकायला सगळ्यांत अवघड आहे, कारण आपल्या मोठ्या माणसांना मुलापुढे गप्प बसायची सवयच नाही. आणि पुढे सांगण्याआधी त्यांनी मुलीला विचारलं. त्यांनी जे केलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. 'दुर्लक्ष कर त्यांच्याकडे' म्हणाल्या नाहीत. 'आमच्या वेळी तर मास्तर छडीने झोडायचे' हे सांगितलं नाही. तावातावाने वर्गात जाऊन त्या मुलांना झापलं नाही. तसं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला दुप्पट चिडवलं गेलं असतं, आणि ती पुन्हा काकूंकडे फिरकलीच नसती.

भाषेचंही थोडं आहे. आपली इंदुरातली मराठी मुलं शाळेत हिंदी बोलतात, पेपर इंग्रजीत लिहितात आणि रडतात बहुधा घरच्या भाषेत. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, मुलाच्या घरच्या बोलीतला एखादा माणूस शाळेत भेटला तर शब्द लवकर सापडतात. मराठीच कशाला, माळवी, निमाडी, भिली बोलणाऱ्या मुलांची गरज तर आपल्याहून मोठी आहे, आणि त्या भाषा येणारी माणसं शाळेत आहेतच, फक्त कर्मचाऱ्यांच्या यादीत तळाला.

आता धोक्यांकडे येते. सगळ्यांत मोठा धोका आपल्या गुणाच्याच पोटात आहे. आपण एकमेकांना ओळखतो. गणपतीत भेटतो, हळदीकुंकवाला भेटतो, भिशीला भेटतो. रामबागेत सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत सुदामानगरला पोचतं. मुलाने काकूंना सांगितलेली गोष्ट 'कुणाचं नाव नाही घेत हं मी, पण' अशा सुरुवातीने एकदा जरी भिशीत निघाली, तरी त्या शाळेतला हा प्रयोग संपला असं समजा. म्हणून निवड करताना गोड बोलणारी माणसं शोधू नयेत, पोटात ठेवणारी शोधावीत. वस्तीत विचारलं तर ती कोण हे सगळ्यांना माहीत असतं.

पण गुप्ततेलाही हद्द आहे, आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगायची. मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल, किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर गोष्ट पोटात ठेवायची नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. अठराच्या आतल्या मुलावर असं काही झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. 'घरची अब्रू', 'मुलीचं पुढे कसं होईल' ही कारणं तिथे चालत नाहीत. अशा वेळी मुलाला उलटसुलट प्रश्न विचारून चौकशीही करायची नाही. त्याने सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि कळवायचं.

जिवाबद्दलचा प्रश्न विचारायला बहुतेक जण घाबरतात. विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, असं वाटतं. तसं होत नाही. 'मरून जावं असं वाटतं का तुला कधी?' असं शांतपणे, सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उत्तर हो आलं तर उपदेश नको, शपथा नकोत. मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी पालक, समुपदेशक आणि डॉक्टर यांना जोडून द्यायचं. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही. मुलांसाठी १०९८ आहेच.

दुसरा धोका माणसांच्या हेतूचा. मुलांजवळ पोचायला मिळतं म्हणून अशा कामात चुकीची माणसंही येतात. त्यामुळे पोलीस पडताळणी, ओळखीच्या दोन माणसांची खात्री, आणि मुलाशी बोलणं नेहमी दुसऱ्यांना दिसेल अशा जागी: दार उघडं, किंवा व्हरांड्याचं टोक. कुणाचं बोलणं ऐकू येऊ नये, पण ती दोघं दिसावीत. रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत. माणूस कितीही ओळखीचा आणि मानाचा असला तरी नियम सगळ्यांना सारखा.

तिसरा धोका ऐकणाऱ्याचा स्वतःचा. दिवसभर मुलांची दुःखं ऐकून घरी जाणाऱ्या काकूंना कोण विचारतं? जिथे जिथे हे काम टिकलं तिथे मागे एक व्यवस्था होती. ठरल्या दिवशी सगळे मदतनीस एकत्र बसतात, अडलेल्या गोष्टी नाव न घेता मांडतात, आणि एखादा प्रशिक्षित तज्ज्ञ त्यांना वाट दाखवतो. दोन दिवसांचं शिबिर, हातात प्रमाणपत्र, ग्रुप फोटो आणि पुढे काहीच नाही, अशा पद्धतीने हे काम होत नाही. शिबिराइतकाच, किंबहुना जास्त, पैसा आणि वेळ शिबिरानंतरच्या बैठकांवर घालावा लागतो. मुलांच्या मनाच्या नावाने होणाऱ्या बऱ्याच कार्यक्रमांचं घोडं इथेच पेंड खातं.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. साधी माणसं तज्ज्ञांच्या जागी नाहीत, तज्ज्ञांच्या पुढे आहेत. मागे तज्ज्ञ नसेल तर काकूंनी ती मुलगी कुणाकडे न्यायची? 'समाजातून स्वयंसेवक मिळतात ना, मग पगारी समुपदेशक कशाला' असं एखादी शाळा म्हणू लागली तर पालकांनी ते अजिबात ऐकून घेऊ नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, हे त्यांत आहे. शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, हेही आहे. शिक्षकेतर म्हणजे आपल्या त्या काकू, चौकीदार भैया, ऑफिसातले बाबू. न्यायालयाने त्यांना वगळलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

सरकारी शाळांत दार आधीच उघडं आहे. शिक्षण हक्क कायद्याने या शाळांत व्यवस्थापन समिती ठेवणं सक्तीचं केलंय, तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. ही समिती आपल्याकडे बहुतेक वेळा गणवेश, मध्यान्ह भोजन आणि गळणाऱ्या छपरापुरती बसते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून नेमायचे आहेत, भावनिक आरोग्य हा त्यांच्या विषयांतला एक आहे. तुमच्या शाळेतले ते दोघं कोण, हे आधी विचारा. खाजगी विनाअनुदानित शाळांना ही समितीची सक्ती नाही, तिथे पालक-शिक्षक सभेतच हा मुद्दा लावून धरावा लागेल.

आपल्या मराठी मंडळांबद्दल एक सुचवते. दहा दिवसांच्या गणपतीसाठी आपण वर्गणी, मंडप, वक्तृत्व स्पर्धा, अथर्वशीर्ष पठण, सगळं चोख उभं करतो. माणसं जमवणं आणि त्यांना कामाला लावणं आपल्या हाडीमासी आहे. पण या कामासाठी दहा दिवसांचा उत्साह उपयोगाचा नाही, दर बुधवारी बारा ते दोन शाळेत येऊन बसणारा माणूस लागतो, पावसातही आणि परीक्षेच्या दिवसांतही. मूल पहिल्या बुधवारी येत नाही. चार-पाच बुधवार लांबून बघतं, की हा माणूस खरंच येतो का. बँकेतून निवृत्त झालेले, नोकरी संपलेल्या शिक्षिका, मुलं पुण्याला नाही तर परदेशी गेल्यामुळे दुपार मोकळी असलेली जोडपी, हे आपल्या वस्त्यांत भरपूर आहेत. मंडळाने एखाद्या जवळच्या शाळेशी बोलावं, आणि शाळेने एखाद्या समुपदेशकाशी किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाशी लेखी ठरवावं, की महिन्यातून दोनदा कोण, किती वाजता, कुठे भेटेल.

आणि मानधनाचं आधी ठरवा. बिहारमधला तो माणूस फावल्या वेळात येणारा नव्हता, ते त्याचं काम होतं. निवृत्त माणसाला पैसे नको असतील, पण त्याच शाळेत झाडलोट करणाऱ्या ज्या बाईंच्या भरवशावर निम्मं काम होणार आहे, त्यांच्या पगारात दमडीही न वाढवता हे नवं ओझं त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. रोज एक तास त्यांच्या बाकीच्या कामातून कमी करा, किंवा त्या तासाचे पैसे द्या.